एकतीस नंबरची वही

१

एकतीस नंबरची वही सोमवारी सकाळी कपाटात नव्हती.

कुलूप जागेवर होतं आणि दारावर ओरखडासुद्धा नव्हता. साठ वह्यांपैकी एकोणसाठ आपापल्या ठिकाणी होत्या, आणि एक नव्हती.

मला हे कळलं ते डॉक्टरांच्या फोनवरून. रुग्णांवर नवीन औषध करून बघायचं असेल तर आधी रुग्णालयाच्या नैतिकता समितीने हो म्हणावं लागतं, आणि त्या समितीत एक माणूस वैद्यकीच्या बाहेरचा लागतो. तो माणूस मी. चाळीस वर्षं ग्रंथालय सांभाळून निवृत्त झाले. हरवलेली पुस्तकं शोधण्यात आयुष्य गेलं, म्हणून बहुधा डॉक्टरांना मीच आठवले.

"बाई, बोलू नका, नुसतं ऐका," ते म्हणाले. सकाळी नऊपर्यंत मी बोलत नाही, जुना नेम आहे, आणि तो त्यांना ठाऊक होता. "पोलिसांना बोलवावं असं नाही, आणि गप्प बसावं असंही नाही. गुरुवारी समिती बसतेय. तोवर वही सापडली नाही तर ट्रायल बंद. एक वही जाऊ शकते, मग बाकीच्या एकोणसाठांवर कोण विश्वास ठेवणार? साठ माणसांनी अंगात बळ नसताना लिहिलंय हो ते."

मी हुंकार भरला आणि निघाले.

ट्रायल थकव्यावरच्या एका गोळीची होती. कर्करोगात, मूत्रपिंडाच्या दुखण्यात, सांध्यांच्या जुनाट आजारात एक थकवा येतो, तो झोपून जात नाही. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरांना. शिवाय जमेल तेवढं चालायचं, कारण थोडं चालल्याने हा थकवा हलका होतो असं डॉक्टरांचं म्हणणं. आणि रोज वहीत एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे थकवा नाही, दहा म्हणजे पाण्याचा पेलाही उचलवत नाही. आकड्यापुढे एखादी ओळ, दिवसभरात काय केलं त्याची. असे बारा आठवडे.

ट्रायलची खोली चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट दुरुस्तीला काढलेली. दुसऱ्या मजल्यावर मी कठडा धरून उभी राहिले. मागून सत्तरीचे एक गृहस्थ आले, "दमलात? सावकाश या," म्हणाले आणि दोन दोन पायऱ्या टाकत वर निघून गेले. न बोलण्याचा एक फायदा असतो, माणूस बघत राहतो.

वर पोचले तेव्हा तेच गृहस्थ खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. मांडीवर रिकामी कापडी पिशवी, नीट घडी घातलेली.

"वही तयार झाली का हो?" त्यांनी दाराशी आलेल्या डॉक्टरांना विचारलं. "शुक्रवारी अर्ज दिलाय मी."

"बघतो, काका," डॉक्टर म्हणाले. मला आत घेऊन त्यांनी दार लावलं आणि आवाज खाली आणला. "एकतीस नंबर म्हणजे यांची बायको. ट्रायल पूर्ण केली आणि तीन आठवड्यांनी गेल्या. आठवण म्हणून वही मागायला आलेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही."

२

खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, वजनकाटा, लोखंडी कपाट. भिंतीलगत पुठ्ठ्याची आठ खोकी. ज्यांना तपासलं पण ट्रायलमध्ये घेतलं नाही, अशा लोकांचे कागद त्यांत होते. पंधरा वर्षं कोणी उघडायची नाहीत असा नियम. शनिवारीच चिकटपट्टी लावून बंद केलेली, आणि प्रत्येक पट्टीच्या सांध्यावर डॉक्टरांची सही. सातव्या खोक्यावरची सही मला जरा धूसर दिसली. चष्मा पुसला. तरी धूसरच.

कपाट उघडून मी वह्यांची रांग बघितली. पुस्तक घाईत ओढलं की शेजारची दोन कलतात. इथे तीस आणि बत्तीस खांद्याला खांदा लावून ताठ उभ्या होत्या. वही काढणाऱ्याने रांग सावरून ठेवली होती.

नऊ वाजले. मी विचारलं, "किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक सिस्टरकडे." डॉक्टर खुर्चीत बसले. ओळख झाल्यापासूनच्या तीन वर्षांत त्यांचे केस किती पिकले ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. "संशय माझ्यावर येणार. यायलाच हवा. गोळी चालली तर नाव माझंच होणार."

"तुम्ही तिचे आकडे बघितले होते?"

"नाही. शेवटपर्यंत मी कोणाचेच बघायचे नसतात. बाई, माझ्याकडे येणाऱ्यांना घरचे काय म्हणतात माहीत आहे? 'थकलीस? मग झोप जरा.' त्या थकव्याला कोणी आजारच मानत नाही. मला एवढंच हवं होतं की कोणीतरी तो मोजावा."

ते तपासण्यांना गेले आणि आकडेबुवा आले. ट्रायलच्या आकड्यांचा हिशोब ठेवणारा हा माणूस, त्याचं खरं नाव रुग्णालयात कोणीच घेत नाही. शनिवारी तोही या खोलीत दोन तास बसून होता, कपाट उघडं असताना.

"घ्या, झडती घ्या," त्याने खिसे उलटे करून दाखवले. "एक रुमाल आणि बायकोने दिलेली सामानाची यादी. ही यादी मात्र चोरीला गेली तर फार बरं."

"एकतीस नंबरचे आकडे तुमच्याकडे आहेत?"

"संगणकात आहेत. सिस्टर दर शनिवारी वही तपासून, पानावर सही करून भरायच्या. मला माणूस दिसत नाही, नुसता नंबर दिसतो." त्याने कागद पुढे केला. "आठ, नऊ, नऊ, आठ. बारा आठवडे खाली यायचं नाव नाही. पण मूळ वही नसेल तर यातला एकही आकडा धरता येत नाही."

"धरला नाही तर काय होतं?"

आकडेबुवांची थट्टा थांबली.

"हा नंबर खऱ्या गोळीचा, आणि ते फक्त मला माहीत. तिला धरलं तर दोन गटांतला फरक पुसला जातो. तिला सोडलं तर दिसतो."

म्हणजे वही नसण्यात डॉक्टरांचा फायदा होता. टेबलावर चिरा पाडलेली एक पत्र्याची पेटी होती. विचारायचं म्हणून विचारलं, "आणि ही?"

"ती गंमत आहे. रुग्णाबरोबर येणाऱ्या माणसाने दर शनिवारी चिठ्ठीवर लिहायचं, आपल्या माणसाला या आठवड्यात किती थकवा होता असं वाटतं. पाकीट बंद करायचं आणि पेटीत टाकायचं. शेवटी मी उघडणार. दुसऱ्या एका ट्रायलमध्ये बघितलंय मी, बायको नऊ लिहिते आणि शेजारी बसलेला नवरा तीन." तो उठला. "माझ्या घरी याहून वेगळं नाही म्हणा."

दारात तो वळला. "बाई, एक सांगतो. डॉक्टरांनी केलं असेल तर मला ते शोधून काढायचं नाहीये."

३

मंगळवारीही काका बाकावर होते. तीच पिशवी, तशीच घडी.

मी शेजारी बसले आणि खरं ते सांगितलं. वही सापडत नाही, मी शोधतेय.

त्यांनी पिशवीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "सापडेल. तिने आयुष्यात वही हरवली नाही. गणित शिकवायची. पोरांच्या हरवलेल्या वह्यासुद्धा तीच शोधून द्यायची."

त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. आयुष्यभर तेच काम.

"माणसाला किती दिसतं ते त्याच्या सांगण्यावरून नाही कळत," ते म्हणाले. "सगळे म्हणतात, दिसतंय की. मी अक्षरांचा तक्ता बघतच नाही. डोळा किती बारीक करतो, मान किती पुढे काढतो, ते बघतो."

"घरी आकडा लिहायच्या का त्या?"

"घरी कॅलेंडरवर. वही तिच्या पर्समध्ये असायची, रात्री मी झोपलो की लिहायची. संध्याकाळी मी विचारायचो, आज किती? ती उठून कॅलेंडरवर लिहायची. दोन. तीन. दोन." ते हसले. "कधी मोठ्या मनाने एक."

कागदावरचे आठ आणि नऊ माझ्या पर्समध्ये होते. मी पर्स घट्ट धरली.

"मग म्हणायची, चला, फिरून येऊ. बागेच्या दारापर्यंत जायचो. वाटेत तीन बाकं. माझा गुडघा धरायचा, म्हणून मला तिन्ही बाकांवर बसावं लागायचं. ती पण बसायची शेजारी. कुरकुर नाही. एरवी माझ्यासाठी थांबणारी नव्हती हो ती. लग्नातसुद्धा पुढे पुढे चालत होती."

त्यांनी पिशवी मांडीवर सरळ केली.

"महिना उलटला, मी कॅलेंडरचं पान उलटलं नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "वाचायला नको आहे मला ती वही. म्हणजे, वाचीन. पण त्यात मला एकच गोष्ट बघायची आहे."

"कोणती?"

"वही सापडली की सांगतो," ते म्हणाले आणि उठले. "लग्नाच्या एक्केचाळीस वर्षांत मी तिच्याशी एकदाच खोटं बोललो. त्याचं काय झालं, तेवढं बघायचंय."

४

सिस्टर बुधवारी सकाळी नऊनंतर भेटल्या. साठही रुग्णांना त्या नावाने नाही, आवाजाने ओळखायच्या. कोणाला पाठीशी उशी लागते, कोणाला खिडकीजवळची खुर्ची लागते, हे त्यांच्या डोक्यात असायचं. मला मावशी म्हणायच्या.

"शनिवारी कपाट कोणी बंद केलं?"

"मीच, मावशी. संध्याकाळी पाचला. वह्या मोजल्या नाहीत, चूक झाली." त्या वजनकाटा पुसत होत्या. तो आधीच स्वच्छ होता.

"काकांना तुम्ही ओळखता?"

"न ओळखायला काय झालं? दर शनिवारी बाईंना घेऊन यायचे. बाईंना सोडायचे आणि धावत खाली औषधाच्या खिडकीत नंबर लावायला जायचे, की त्यांना नंतर उभं राहायला नको." फडकं थांबलं. "मावशी, एक ऐकाल का? वही सापडली तरी काकांना देऊ नका हो."

"का?"

"म्हणजे... काय करायचंय त्यांना आता. झालं गेलं. जुनं उकरून रडतच बसतील." त्यांचे डोळे भरून आले होते. "कॉपी नको, मूळ नको. समितीने म्हणावं, नियमात बसत नाही. तुमच्या शब्दाला मान आहे तिथे."

"नियमात बसतं, सिस्टर. संमतीपत्रावर लिहिलंय, ट्रायल पूर्ण झाली की वही घरच्यांना मागता येते. बाईंनी त्याखाली सही केलीय."

त्यांनी फडकं पुन्हा काट्यावर फिरवलं. मी दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. तीन दिवसांत जो भेटला तो एकच विचारत होता, वही सापडेल का. सापडल्यावर काय करायचं, याची चिंता एकट्या सिस्टरना पडली होती.

मी परत वळले आणि सातव्या खोक्यासमोर जाऊन बसले.

५

"डॉक्टरांना बोलवा," मी म्हटलं. "आणि आकडेबुवांना."

ते येईपर्यंत सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"ग्रंथालयात पुस्तक चोरीला कमी जातं," मी दोघं आल्यावर सांगितलं. "बहुतेकदा ते चुकीच्या फळीवर असतं. आणि मुद्दाम लपवणारा असेल तर तो अशी फळी निवडतो जिथे कोणी हात घालत नाही. ही वही नको असणारा माणूस तिला फाडेल, जाळेल. या माणसाने शेजारच्या वह्या कलू दिल्या नाहीत. म्हणजे वही नको होती असं नाही. तिच्यावर जीव होता."

"पण फायदा तर मलाच होता," डॉक्टर हळूच म्हणाले.

"फायदा होण्यासाठी आकडे माहीत हवेत. तुम्हाला आकडे माहीत नव्हते. आकडेबुवांना आकडे माहीत होते, कपाटही उघडं मिळालं होतं, पण नंबरामागचा माणूस माहीत नव्हता. आकडे, माणूस आणि किल्ली, तिन्ही असलेलं एकच कोणीतरी आहे. त्यात अर्ज आला शुक्रवारी आणि वही गेली शनिवारी. म्हणजे वही ट्रायलपासून लपवलेली नाही. आकडे तर संगणकात आधीच होते. ती लपवली ती अर्ज देणाऱ्यापासून."

मी सातव्या खोक्यावर बोट ठेवलं. "डॉक्टर, तुमची सही पट्टीच्या वर आहे की खाली?"

त्यांनी वाकून बघितलं. नखाने चाचपलं. "वर केली होती. इथे... खाली आहे. वरून दुसरी पट्टी आहे."

कोणी काही बोलायच्या आधी सिस्टरनी खिशातली कात्री काढून माझ्या हातात दिली. कात्री देताना पाती आपल्याकडे आणि मूठ दुसऱ्याकडे, इतकी सवय त्या क्षणीही सुटली नव्हती.

वही सगळ्यात वर होती, स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळलेली.

६

"सिस्टर, का?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

उत्तर मी दिलं. मला वाटत होतं की मला ते माहीत आहे. "घरी कॅलेंडरवर त्या दोन लिहायच्या आणि इथे नऊ. नवऱ्याने दोनवर विश्वास ठेवला आणि रोज फिरायला नेलं. तो नऊचा आकडा त्यांनी आयुष्यात बघू नये म्हणून. हो ना, सिस्टर?"

सिस्टर रडत होत्या. मान हलली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

"मग लपवायची गरजच नव्हती," मी म्हटलं. "आकडेबुवा, समितीच्या वतीने मागते. एकतीस नंबरची पाकिटं उघडा."

त्याने बारा पाकिटं टेबलावर मांडली. एकेक फाडून चिठ्ठ्या ओळीने ठेवल्या. चष्मेवाल्याचं बारीक, नेटकं अक्षर. आठ. नऊ. नऊ. आठ. नऊ. बाराव्या चिठ्ठीवर दहा.

आकडेबुवाने संगणकातला कागद शेजारी ठेवला. एकेका आकड्यावर बोट फिरवत तो शेवटपर्यंत गेला. "असं मी कधी बघितलं नाही," तो म्हणाला. "एकाही आठवड्यात चुकलेला नाही हा माणूस."

"त्यांना सगळं माहीत होतं," मी म्हटलं. "डोळा किती बारीक होतो ते बघणारा माणूस आहे तो. बायको दोन लिहायची आणि ते मान डोलवायचे. आणि तो गुडघा! सोमवारी मला मागे टाकून दोन दोन पायऱ्या चढले ते. दुखत काहीच नव्हतं. तिला तीन वेळा बसता यावं, आणि आपल्यामुळे बसावं लागलं असं तिला वाटू नये, म्हणून दुखायचा तो."

मला थोडं समाधान वाटलं होतं, ते खोटं कशाला सांगू. वाटलं, सिस्टरच्या मनावरचं ओझं उतरलं.

सिस्टरनी डोळे पुसले. "एवढंच असतं तर लपवली नसती, मावशी. गुडघ्याचं मलाही माहीत होतं. जिन्यावरून धावताना बघायचे ना मी." त्यांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. "आठव्या आठवड्याचं पान वाचा."

गणित शिकवणाऱ्या हाताचं ते अक्षर होतं, प्रत्येक आकडा आपापल्या चौकटीत.

नऊ. आज उठवत नव्हतं. पण यांचा गुडघा दिवसेंदिवस जास्तच धरतोय. मी घरी बसले तर हेही बसून राहतील आणि पाय कायमचा आखडेल. म्हणून मीच म्हटलं, चला.

आठ. तीनदा बसले बिचारे. मी गेल्यावर यांना घराबाहेर कोण काढणार? तोवर पाय मोकळा व्हायला हवा.

नऊ. बागेच्या दारापर्यंत. वाटेत डोळ्यांपुढे अंधारी आली. यांच्या लक्षात आलं नाही.

पुढची पानं मी उभ्यानेच वाचली. बाराव्या आठवड्याची शेवटची ओळ अशी होती:

दहा. आज जमलं नाही. म्हटलं, तुम्ही एकटे जाऊन या. गेले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले.

तिला बसता यावं म्हणून त्याने दुखऱ्या पायाचं सोंग केलं, आणि तो पाय बरा व्हावा म्हणून ती अंगातलं उरलंसुरलं बळ काढून रोज उठली. दोघांपैकी एकालाही बाहेर जायचं नव्हतं.

"हे कसं द्यायचं त्यांच्या हातात?" सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही सांगा मला. मी दर शनिवारी हे वाचायचे, सही करायचे. बाईंना सांगू का, काकांना सांगू का, दर शनिवारी वाटायचं. वहीतलं बाहेर बोलायचं नाही, हा नियम पाळला. पाळला, मावशी! नियम एकदाच मोडला, तोही नको तिथे."

७

गुरुवारी समिती बसली. सिस्टरनी स्वतःच्या हाताने सगळं लिहून दिलं. त्यांना ट्रायलमधून काढलं, वॉर्डात ठेवलं. वही शाबूत होती, म्हणून साठही वह्या ग्राह्य धरल्या. एकतीस नंबर मोजला गेला आणि दोन गटांतला फरक पुसला गेला. डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि तपासण्यांना गेले. बाहेर माणसं थांबली होती.

वही द्यायचं काम मी मागून घेतलं.

काका बाकावर होते. मी शेजारी बसले, वही मांडीवर ठेवली. त्यांनी लगेच हात पुढे केला नाही.

"तुम्ही वाचलीत?"

"हो."

"मग तुम्हीच सांगा. मला उघडायचा धीर नाही." ते समोर बघत होते. "माझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं. तिला ते कळलं होतं का? तिला फसवलेलं आवडायचं नाही. एखाद्या पोराने उत्तर दुसऱ्याचं उतरवलं तर चार दिवस बोलायची नाही त्याच्याशी. शेवटचे दिवस माझ्यावर रागावून काढले असतील तिने, तर..."

मी खोटं बोलत नाही. त्या क्षणी बोलावं लागलं नाही, म्हणून देवाचे आभार मानले, आणि मानतानाच लाज वाटली.

"नाही, काका. वहीच्या शेवटच्या ओळीपर्यंत त्यांना तुमचा गुडघा खरंच दुखतो असं वाटत होतं."

त्यांनी डोळे मिटले. खांदे खाली आले. "सुटलो," ते म्हणाले.

इथे थांबता आलं असतं. वही पिशवीत घालून त्यांना घरी पाठवता आलं असतं. पण अर्धंच खरं सांगून त्यांना एकट्या घरात त्या पानापाशी सोडायचं, हे मला सोसवेना.

"आठव्या आठवड्यापासून जड आहे," मी म्हटलं. "नाही वाचलं तरी चालेल. वाचणार असाल तर इथे वाचा. मी आहे."

"तिचं अक्षर आहे. वाचणार."

त्यांनी खिशातून भिंग काढलं, दुकानातलं. पहिल्या पानापासून सुरुवात केली. आकड्यांवर थांबत नव्हते, ते त्यांना पाठ होते. आठव्या आठवड्यावर भिंग थांबलं. पुढे सरकलं. परत मागे आलं.

आतून सिस्टर आल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. "काका, मी लपवली होती वही."

"हं," ते म्हणाले. वर बघितलं नाही. "नंतर रागावेन, ताई. आत्ता जमत नाहीये."

बारावं पान संपलं. त्यांनी वही मिटली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"रोज चला म्हणायची," ते म्हणाले, जणू कोणाला तरी पत्ता समजावून सांगत असावेत. "मला वाटायचं, हिला बाहेर जावंसं वाटतंय. नाही म्हटलं तर हिला कळेल की मला कळलंय. म्हणून उठायचो. मला तर घरीच बसायचं होतं हो. तिच्याजवळ. नुसतं."

सिस्टरनी तोंड फिरवलं.

काकांनी वही पिशवीत ठेवली आणि पिशवी छातीशी धरली. उठले.

"काका, लिफ्ट सुरू झालीय आज," सिस्टर म्हणाल्या.

"नको," ते म्हणाले.

जिन्याशी जाऊन त्यांनी कठडा धरला. डावा पाय खाली टाकला, मग उजवा ओढत त्याच पायरीवर आणला. थांबले. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. मधल्या वळणावर भिंतीलगत एक बाक होतं. तिथे ते बसले, एका कडेला सरकून, शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.